माझ्या नावापुढची कोरी जागा

मंगळवारी संध्याकाळी माझ्याच घरात, माझ्याच खुर्च्यांवर बसून तीन माणसांनी मला विचारलं, की तुम्ही प्रभुभोजन घेणं का सोडलंत? मी पाळक आहे. बावीस वर्षं लोकांना वेदीपाशी भाकर आणि द्राक्षारस देतोय. प्रश्न ऐकून मला आधी हसू आलं. चेष्टा असेल असं वाटलं. तिघांपैकी कुणीच हसत नाही हे पाहिल्यावर मात्र मी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

आमच्याकडची पद्धत सांगितल्याशिवाय हे कळायचं नाही. बऱ्हाणपुरात आमची लूथरन मंडळी लहानशी. लालबागेत चर्च, त्याच आवारात पाळकाचं घर आणि मध्ये एक कडुनिंब. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. ज्याला ते घ्यायचं असेल त्याने आदल्या दिवशी, शनिवारी, पाळकाकडे येऊन नाव द्यायचं. जुन्या मिशनच्या काळातली ही रीत. बाकी ठिकाणी ती मोडली, आमच्याकडे टिकली, कारण आमच्या गावात काहीही टिकतं, चांगलंही आणि वाईटही. शनिवारी मी व्हरांड्यात टेबल टाकून बसतो. लोक येतात, नाव देतात. मनात काही डाचत असेल तर थांबतात आणि बोलतात. भावाशी बांधावरून भांडण, सुनेशी अबोला, सुटलेली आणि परत लागलेली दारू. मी ऐकतो, क्षमेचे शब्द उच्चारतो आणि नोंदवहीत त्या माणसाच्या ओळीत खूण करतो. प्रत्येक कुटुंबाला एक पान, प्रत्येक माणसाला एक ओळ. ज्याच्या ओळीत वर्षभर खूणच पडली नाही, त्याच्या घरी पाळक आणि पंच भेटीला जातात. पंच म्हणजे मंडळीने निवडलेली तीन माणसं. भेटीत चार प्रश्न विचारायचे असतात. ते कागदावर लिहून, झेरॉक्स काढून, पंचांच्या हातात मीच दिले होते.

त्या वर्षी दिवाळीनंतर माझा स्वभाव फार तापट झाला होता. तसा तो आधीपासून आहे. माझी आई म्हणायची, याच्या जिभेला हाड नाही आणि डोक्याला झाकण नाही. पण त्या दिवसांत मी घंटा दोन मिनिटं उशिरा वाजली म्हणून ओरडायचो, गाणं सुरात नाही म्हणून मध्येच थांबवायचो. पंचांच्या बैठकीत तर मी टेबलावर हात आपटला. "मंडळीत ढिलाई माजलीय. वर्ष वर्ष लोक वेदीकडे फिरकत नाहीत. नोंदवही घ्या, यादी करा. कुणाची भीड धरू नका. अगदी कुणाचीही!"

नोंदवही ज्यांच्या हातात दिली ते पंच कागद कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांचे वडील कारखान्यात नोकरीसाठी महाराष्ट्रातून इकडे आले आणि दोन पिढ्या तिथेच राबल्या. यांचं काम होतं तयार कागद तपासायचं. त्यामुळे समोर आलेला कुठलाही कागद, लग्नपत्रिका असो की विजेचं बिल, ते आधी उजेडाकडे धरून बघतात आणि मगच वाचतात. त्यांनी नोंदवही पिशवीत घातली, "बरं साहेब" म्हणाले आणि गेले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

पुढच्या रविवारी उपासना झाल्यावर त्यांनी मला गाठलं. "मंगळवारी संध्याकाळी घरी आहात ना? आम्ही तिघं येतो." मला वाटलं, छपराच्या दुरुस्तीचं असेल. मी बायकोला चिवडा आणायला सांगितला.

तिघं आले. कारखान्यातले हे. राजपुऱ्यात एका शाळेत शिकवणाऱ्या बाई, वयाने आमच्या सगळ्यांत लहान. आणि जवळच्या जसोंडी गावचे शेतकरी, केळीवाले, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. त्यांना मी भाऊ म्हणतो. चहा आला. चिवड्याला कुणी हात लावला नाही. बाईंनी लहानशी प्रार्थना केली आणि ती ऐकतानाच मला चमत्कारिक वाटायला लागलं, कारण ती भेटीची प्रार्थना होती. ती मी पाठ करून घेतली होती त्यांच्याकडून.

"यादीत तीन नावं निघाली साहेब," कारखान्यातले पंच म्हणाले. "दोघं कामासाठी सुरतेला गेलीत, त्यांना फोन केला. तिसरं नाव पहिल्या पानावर आहे."

पहिलं पान पाळकाच्या कुटुंबाचं असतं. त्यांनी ते उघडून, सवयीने दिव्याकडे धरून, मग माझ्या पुढ्यात ठेवलं. बायकोच्या ओळीत खुणाच खुणा. मुलाच्या ओळीत तो इंदूरला शिकायला जाईपर्यंतच्या. माझी ओळ कोरी. त्यांनी मागची पानं उलटली. त्याच्या मागच्या वर्षीही कोरी. त्याच्याही मागच्या. दर महिन्याला त्याच पानावर बायकोची खूण मी माझ्या हाताने केली होती. तिच्या ओळीच्या वर, एका बोटाच्या अंतरावर, माझी ओळ रिकामी पडली होती आणि मला ती एकदाही दिसली नव्हती. दिव्याखाली अंधार किती असतो हे मी अनेकदा प्रवचनात सांगितलं आहे.

"ही चूक आहे," मी म्हणालो. माझा आवाज चढला. "पाळकाचं वेगळं असतं. तुम्हाला माहीत नाही का?"

माहीत होतं त्यांना. आमच्या मंडळीत पाळक स्वतःच्या हाताने स्वतःला प्रभुभोजन देत नाही. माझ्या आधीच्या पाळकांनी घेतलं नाही, त्यांच्या आधीच्यांनीही नाही. पाळकाने दुसऱ्या पाळकाकडून घ्यायचं. त्यासाठी दर जानेवारीत पाळकांचं तीन दिवसांचं शिबिर भरतं. पत्रावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, आत्मिक नवीकरण आणि स्वतःची काळजी. त्याची मी भरपूर टिंगल करायचो. सकाळी चालायला जा, साखर कमी खा, मौन पाळा, रक्तदाब तपासून घ्या. शेवटच्या दिवशी प्रभुभोजन, आणि घरी आल्यावर नोंदवहीत त्याची खूण. पण त्याच्या आदल्या संध्याकाळी दोन-दोन पाळकांनी समोरासमोर बसून एकमेकांपाशी पापांगीकार करायचा, म्हणजे मनात जे आहे ते दुसऱ्याला सांगायचं. ते झाल्याशिवाय पुढचं नाही.

"शिबिराला गेला नाहीत," कारखान्यातले पंच शांतपणे म्हणाले.

"गुडघा धरला होता माझा."

"ते चार वर्षांपूर्वी."

"मग कोरोना आला. शिबिरच झालं नाही."

"ते त्याच्या आधी."

बाईंनी कोरी वर्षं बोटांवर मोजली आणि त्यांचा चेहरा उतरला. "सर, म्हणजे पूरे सात साल? हमको तो कुछ पताच नव्हतं."

सात वर्षं. मला स्वतःलाही आकडा माहीत नव्हता. खरं सांगायचं तर कोरोनात शिबिर रद्द झाल्याचं पत्र आलं तेव्हा मला हायसं वाटलं होतं. या सात वर्षांत लोकांसमोर केली तेवढीच प्रार्थना मी केली होती. एकट्याने, दार लावून, एकही नाही. करायला बसलो की एकच दुपार समोर येऊन उभी राहायची, आणि मी उठून काहीतरी काम काढायचो.

त्यांनी दुसरा प्रश्न वाचला. मनात काही अडलं आहे का? मी खाली बघितलं. प्रश्न वाचणारे होते कारखान्यातले पंच, पण मला भीती वाटत होती ती त्यांच्या शेजारच्या खुर्चीची. तिथे जसोंडीचे भाऊ बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. खोलीतल्या सगळ्या माणसांत ज्यांच्यासमोर मी हे कधीच बोलू शकणार नाही असे ते एकटेच होते.

मी खोटं बोलणार होतो. शब्द तयार होते: कामाचा ताण, वय, थकवा. हे सगळं खरंही होतं, म्हणजे खोटं चांगलं पचलं असतं. एवढ्यात बायको स्वयंपाकघराच्या दारातून आत आली आणि रिकाम्या खुर्चीवर बसली. पंचांच्या बैठकीत ती कधी बसत नाही. ती माझ्याकडे बघत राहिली.

मग मी सांगितलं. भाऊंकडे न बघता, भिंतीकडे बघून सांगितलं.

सात वर्षांपूर्वीचा मे महिना. दुपारी तीनचा सुमार. त्या आठवड्यात दोन प्रेतं पुरली होती, शाळेच्या कमिटीशी भांडलो होतो, चार रात्री नीट झोप नव्हती. मी कूलरसमोर चटईवर पडलो होतो. फोन वाजला, बायकोने घेतला. जसोंडीहून भाऊ बोलत होते. त्यांच्या बायकोला दवाखान्यातून घरी आणलं होतं, मूत्रपिंडं निकामी झाली होती, आणि तिला प्रभुभोजन हवं होतं. तिने स्वतः मागितलं होतं. बायकोने फोनवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी पडल्या पडल्या हात हलवला. सांग, बाहेर गेलेत. संध्याकाळी ऊन उतरल्यावर जाईन असं मी मनाशी म्हटलं. बायकोने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि फोनवर तेच सांगितलं. दिवेलागणीच्या आधी ती बाई गेली.

दुसऱ्या दिवशी मी पुरायला गेलो. भाऊंना म्हणालो, बाहेरगावी होतो हो, नशीब. कबरीपाशी मी फार छान बोललो. सगळे रडले. भाऊंनी माझे दोन्ही हात धरून आभार मानले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे मी त्या दिवशी उभं राहून करून दाखवलं.

एवढं बोलून मी थांबलो. आता भाऊ उठतील, असं वाटलं. उठून जातील, किंवा मला थोबाडीत मारतील. मला खरोखर वाटलं की मारतील, आणि मी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मला मालूम आहे साहेब," भाऊ म्हणाले.

मला ऐकू आलं, पण समजलं नाही. "काय मालूम आहे?"

"तुम्ही घरीच होते ते. मी आलतो ना त्या दिवशी. फोन ठेवला अन् गाडीला किक मारली. म्हटलं, कुठं गेले असतील तर पत्ता तरी लागीन. पाहतो तर तुमची गाडी लिंबाखाली उभी. सीटवर पोतं, अन् पोत्यातून पाणी ठिबकी राह्यलं."

आमच्याकडे मे महिन्यात गाडीच्या सीटवर ओलं पोतं टाकतात, नाहीतर बसता येत नाही. आणि भिजवलेल्या पोत्यातलं पाणी ठिबकायचं पाच-दहा मिनिटांत थांबतं, ओल मात्र तासभर राहते. गाडी दारात आणि पोत्यातून पाणी ठिबकतंय, म्हणजे घरातल्या कुणीतरी नुकतंच पाणी मारलंय, हे लहान पोरालाही कळेल. पण मी तर चटईवरून उठलोच नव्हतो. मी म्हणालो, "पोतं ओलं कसं असेल?"

"मी मारलं होतं पाणी," बायको म्हणाली. "फोन ठेवल्यावर, दोन-तीनदा. मला वाटलं, तुम्ही उठाल."

सात वर्षं हे दोघं, एक माझ्या घरात आणि एक जसोंडीत, ते ओलं पोतं मनात घेऊन बसले होते. मी ज्याला माझं गुपित समजत होतो, ते गुपित नव्हतंच. खोली तीच, खुर्च्या त्याच, पण मला क्षणभर कुठे बसलोय तेच कळेना.

"मग दार का नाही वाजवलंत?" मी विचारलं, आणि मला लाज वाटते, पण माझ्या आवाजात राग होता. जणू चूक त्यांची होती.

"हात उचलला होता. मंग म्हटलं, ओढून आणलेला माणूस तिच्या काय कामाचा. तिच्याजवळ टाइम नव्हता साहेब. मी परत फिरलो."

"आणि दर महिन्याला माझ्याच हातून प्रभुभोजन घेत आलात? सात वर्षं?"

"हाव. मंग कोणाच्या हातून घेऊ? इथं दुसरं कोण आहे? तुम्हीच शिकवलं ना आमच्या पोरांना. देणारा कसा का असेना, देणं खरं असतं. मी हात पाहत नव्हतो तुमचा. डोळे मिटून घेत होतो."

हे ऐकून मला ब्रह्मांड आठवलं. भाऊ वेदीपुढच्या कठड्यापाशी गुडघे टेकून डोळे घट्ट मिटून घेत, हे मी कित्येक वर्षं पाहत होतो. एका रविवारी मी प्रवचनात त्यांचं उदाहरणही दिलं होतं. नाव न घेता, पण सगळ्यांना कळेल असं. भक्ती शिकायची तर जसोंडीकडून शिका, म्हणालो होतो. ते तेव्हा दुसऱ्या बाकावर बसून ऐकत होते.

बाई रडत होत्या. कारखान्यातल्या पंचांनी कागद परत उजेडाकडे धरला आणि राहिलेले प्रश्न वाचले. तिसरा होता, कुणाचा अपराध केला आहे का? त्याचं उत्तर मी देऊन बसलो होतो. चौथा होता, क्षमा हवी आहे का? मी म्हणालो, हो.

मग तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. सवयीने. चौथ्या प्रश्नाचं उत्तर आलं की क्षमेचे शब्द पाळक उच्चारतो, आणि ते तिघं पाळकाची वाट बघत होते. दोन क्षण मीही वाट बघितली. इतकं विचित्र मी माझ्या आयुष्यात काही अनुभवलं नाही. शेवटी मी म्हणालो, "पुढच्या महिन्यात दुसऱ्या गावच्या पाळकांना बोलावून घेऊ. तेव्हा रीतसर..."

"महिना?" भाऊ म्हणाले. "तिला एक दिवस नै भेटला."

ते उठले आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "पाळकच पाह्यजे असं नै. अडल्या वेळी कोणीबी सांगू शकतो, हे बी तुमचंच. पण पहिले एक सांगून ठेवतो. माझी माफी अजून झाली नै. ती होईन तेव्हा होईन, नै झाली तर नै. हे मी माझं सांगी नै राह्यलो. ज्याचं आहे त्याचं सांगी राह्यलो. चालीन का?"

मी मान हलवली. त्यांनी हात माझ्या डोक्यावर ठेवला. केळीच्या चिकाचे काळे डाग पडलेला तो हात, कितीही धुतला तरी ते डाग जात नाहीत. आणि त्यांनी ते शब्द म्हटले, जे मी बावीस वर्षं लोकांना म्हणत आलो. पाठ होते त्यांना. ऐकून ऐकून पाठ झाले होते. मी जिथे थांबतो तिथे ते थांबले, मी जिथे आवाज खाली आणतो तिथे त्यांनी आणला. माझीच लकब, पण शब्द पहिल्यांदा माझ्याकडे येत होते. मी ढसाढसा रडलो. बावन्न वर्षांचा माणूस, चिवड्याच्या ताटलीसमोर. माझा विश्वास बसत नव्हता की ज्याने मला माफ केलेलं नाही तोच मला क्षमा झाली म्हणून सांगतोय, आणि ते खरं आहे.

दुसऱ्या गावचे पाळक पुढच्या आठवड्यात आले. वयाने मोठे, कमी बोलणारे. त्यांच्यासमोर मी सगळं पुन्हा सांगितलं आणि त्यांच्या हातून प्रभुभोजन घेतलं. नोंदवहीतली खूण मी करत होतो, पण कारखान्यातल्या पंचांनी पेन माझ्या हातून काढून घेतलं आणि स्वतः केली. जानेवारीत शिबिराला गेलो. ज्या गोष्टींची टिंगल केली त्या सगळ्या निमूट केल्या. सकाळी चाललो, गप्प बसलो, रक्तदाब तपासला तर तो भलताच निघाला आणि गोळी सुरू झाली. सोमवार सुट्टीचा ठरवला. पंचांनी तशी पाटीच लावली दारावर, आज पाळक भेटणार नाहीत, अडचण असेल तर पंचांकडे जा. मी दार लावून प्रार्थनेला बसायला लागलो. पहिले काही दिवस नुसताच बसायचो. नंतर जमायला लागलं.

पण एक गोष्ट जात नव्हती. महिन्याच्या पहिल्या रविवारी भाऊ कठड्यापाशी यायचे, गुडघे टेकायचे, आणि आता डोळे उघडे ठेवायचे. सरळ माझ्याकडे बघत हात पुढे करायचे. मिटलेले डोळे परवडले असते. माझी माफी अजून झाली नै, हे वाक्य ते कधी परत बोलले नाहीत, पण दर महिन्याला ते मी त्यांच्या तोंडावर वाचायचो. विचारायची हिंमत नव्हती. देवाकडची क्षमा मिळाली होती, याबद्दल मला शंका उरली नव्हती. या माणसाकडची मिळेल की नाही, हे मात्र सांगता येत नव्हतं, आणि मागण्याचा मला हक्कही नव्हता.

मे महिना आला. असाच तापलेला, पंखाही गरम हवा फेकतोय असा. दुपारी तीन वाजता फोन वाजला. मी जेवून आडवा झालो होतो. बायकोने फोन घेतला, ऐकला, आणि ती जागच्या जागी उभी राहिली. "जसोंडीहून आहे," ती म्हणाली. "भाऊ म्हणतायत, आत्ता येता येईल का? फोन ठेवून दिला त्यांनी."

मी उठलो. बनियनवर सदरा चढवला तो उलटा चढला, हे नंतर कळलं. घरी जाऊन प्रभुभोजन देण्यासाठी लहान पेटी असते ती उचलली आणि धावलो. बायको मागून पाण्याचा तांब्या घेऊन येत होती, "पोतं तरी भिजवू द्या," पण तोवर मी गाडी फाटकाबाहेर काढली होती. रस्ताभर मला एकच भीती होती, की आता भाऊच जायला निघालेत. दोन्ही बाजूंनी केळीचे मळे, रस्त्यावर कुत्रंही नाही. सीट तव्यासारखी तापली होती. अर्धा रस्ता मी पायदानांवर उभा राहूनच गेलो. कुणी पाहिलं असतं तर पाळकाला वेड लागलं म्हणाला असता.

भाऊ अंगणात, पत्र्याच्या सावलीत खाटेवर बसले होते. धडधाकट. हातात विडी.

"कोण आहे आजारी?" मी पेटी छातीशी धरून विचारलं. मला दम लागला होता.

"कोणी नै."

"कोणी नाही? मग... या उन्हात, भाऊ? माझ्या बुडाची भाजी झाली, रक्तदाबाची गोळी खातो मी, वाटेत मेलो असतो तर?" मी अक्षरशः ओरडत होतो. त्यांची सून दारात आली आणि आत पळाली.

भाऊंनी विडी विझवली. ते माझ्या बाजूने पुढे गेले आणि माझ्या गाडीपाशी थांबले. सीटवरच्या पोत्यावर तळहात टेकवला, आणि चटका बसला तसा झटकन काढून घेतला.

"कोरडं आहे," ते म्हणाले.

माझा राग कुठे गेला मला कळलं नाही. ते बराच वेळ त्या पोत्याकडे बघत उभे होते, पाठ माझ्याकडे करून. मग त्यांनी खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं.

"झाली," ते म्हणाले. "आता झाली."

मी खाटेवर बसलो. त्यांनी सुनेला हाक मारून मला प्यायला पाणी द्यायला सांगितलं. रांजणातून दुसरा तांब्या त्यांनी स्वतः भरून घेतला आणि माझ्या परतीच्या वाटेसाठी ते पोतं भिजवायला उन्हात गेले.